न विचारता सुरू झालेली लढाई

१४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जणांचे प्राण गेले. सातपाटीचे काशिनाथ पागधरे, नांदगावचे गोविंद ठाकूर, मुरब्याचे रामचंद्र चुरी, सालवडचे सुकुर मोरे आणि पालघरचे रामप्रसाद तिवारी. तारापूरपासून सातपाटीपर्यंतच्या ज्या किनारपट्टीत नवापूरसारखी मासेमारीची गावे वसली आहेत, तिच्यातल्या आणि तिच्या लगतच्या गावांची ही माणसे. पालघरच्या पाचबत्ती चौकात दरवर्षी त्यांचे स्मरण होते आणि ते स्वातंत्र्यलढ्यातले हुतात्मे म्हणून होते, तेही योग्यच आहे. मात्र त्या स्मरणात एक गोष्ट मागे पडली आहे. ज्या ऑगस्टमध्ये ही माणसे कचेरीकडे चालत गेली, त्या ऑगस्टमध्ये हिंदुस्थान एका मोठ्या परदेशी युद्धात ओढला जाऊन जवळजवळ तीन वर्षे झाली होती. ते युद्ध कसे चालले आहे, कोण हरतो आहे, सरकार सांगते ते खरे की बाजारात बोलतात ते, यावर या देशात उघड आणि तीव्र मतभेद होते. 'चले जाव' चळवळीची वेळ त्या मतभेदातूनच ठरली. लढाई ब्रिटन जिंकत असल्याचे लोकांना १९४२ च्या उन्हाळ्यात पटले असते, तर ऑगस्टचे स्वरूप वेगळे झाले असते, असे मला वाटते. म्हणून या प्रस्तावनेचा विषय स्वातंत्र्याची मागणी हा नाही. लढाईच्या प्रगतीविषयी सामान्य माणसाने मांडलेला हिशेब, तो त्याने कशाच्या आधारे मांडला आणि सरकारला तो का खोडता आला नाही, एवढाच तो आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. ज्या लढाईसाठी माणसाची संमती घेतलेली नसते, तिच्याविषयीची खरी बातमीसुद्धा त्याला खरी वाटत नाही. मग तो स्वतःच्या हाताला लागणारे पुरावे गोळा करतो, म्हणजे धान्याचा भाव, नाण्यातली चांदी, परत आलेला माणूस, न आलेले पत्र. त्यावरून तो जे निष्कर्ष काढतो त्यांना सरकारी कागदांत 'अफवा' म्हटले जाते. पण त्यातले बरेच निष्कर्ष विचारपूर्वक काढलेले होते, आणि जे चुकले त्या चुकीची जबाबदारी प्रथम माहिती अडवणाऱ्यावर येते. दुसऱ्या महायुद्धातल्या महाराष्ट्राकडे आणि विशेषतः तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्याकडे या दृष्टीने फारसे पाहिले गेलेले नाही.

सुरुवातीपासून पाहू. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले. मध्यवर्ती कायदेमंडळाला विचारले नाही, प्रांतांत निवडून आलेल्या मंत्रिमंडळांना विचारले नाही. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ होते. त्याने नोव्हेंबरच्या सुरुवातीला राजीनामा दिला. त्याआधीच २ ऑक्टोबरला मुंबईच्या सुमारे नव्वद हजार कामगारांनी युद्धविरोधी म्हणून एक दिवसाचा संप केला होता. पुढच्या वर्षी, १७ ऑक्टोबर १९४० ला, वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून गांधींनी निवडलेला माणूस मराठी होता. कुलाबा जिल्ह्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबा भाव्यांनी पवनारला भाषण केले. त्यात कोणतीही कचेरी ताब्यात घ्यायची नव्हती, इतर कोणताही कायदा मोडायचा नव्हता. ब्रिटिशांच्या युद्धाला माणसे किंवा पैसा देणे गैर आहे एवढेच म्हणायचे होते, आणि तेवढे म्हणणे हाच गुन्हा होता. चारच दिवसांत त्यांना अटक झाली. पुढे देशभर वीस हजारांहून अधिक लोक असेच बोलून तुरुंगात गेले. एखाद्या राज्यात केवळ मत बोलून दाखवणे सत्याग्रह ठरत असेल, तर त्या राज्यातल्या उरलेल्या गप्प लोकांच्या मौनाचा अर्थ संमती असा लावता येत नाही. नेमका तोच अर्थ सरकारी अहवाल लावत राहिले.

हे लोक हिटलरविषयी उदासीन होते, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि आजही घेतला जातो. तो वस्तुस्थितीला धरून नाही. जपानने चीनवर आक्रमण केल्यावर १९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक चीनला पाठवले. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. ते तिथेच राहिले, तिथेच काम करीत डिसेंबर १९४२ मध्ये वारले. लंडनचे सरकार हुकूमशहांशी तडजोडीची भाषा बोलत होते त्या वर्षी हे पथक बोटीत बसले, ही गोष्ट कोणत्याही भाषणापेक्षा अधिक सांगते. फॅसिझमशी लढावे याला विरोध नव्हता. लढाई लोकशाहीसाठी आहे असे सांगायचे आणि ती जाहीर करताना चाळीस कोटी लोकांना एका शब्दाने विचारायचे नाही, या विसंगतीला विरोध होता. पुढच्या सगळ्या अविश्वासाचे मूळ तिथे आहे.

आता बातमीकडे येऊ. भारत संरक्षण कायद्याखाली वृत्तपत्रांवर निर्बंध होते. ऑगस्ट १९४२ मध्ये ते इतके कडक झाले की चळवळीच्या बातम्या सरकारमान्य मार्गांखेरीज छापणे अशक्य झाले आणि कित्येक पत्रांनी प्रकाशन थांबवले. १९४२ च्या वसंतात सरकारने 'नॅशनल वॉर फ्रंट' उभारली. लोकांचे मनोधैर्य टिकवणे आणि अफवांना तोंड देणे हे तिचे काम. त्याच वर्षी बर्लिनहून सुभाषबाबूंच्या आझाद हिंद रेडिओचे कार्यक्रम सुरू झाले होते, त्यांत मराठीही होती. ऑगस्टअखेरीपासून १२ नोव्हेंबरपर्यंत मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ चालवला. रेडिओ संच फार थोड्यांकडे होते हे खरे. पण मुंबईहून उत्तरेकडे जाणारा बीबीसीआय रेल्वेचा मार्ग पालघर-बोईसरवरून जात होता, किनाऱ्याची मासळी मुंबईच्या बाजारात जात होती आणि गिरण्यांत, गोदीत काम करणारी माणसे सणावाराला गावी येत होती. या मार्गाने येणारी बातमी तोंडी असे, अपुरी असे, कधी वाढवलेलीही असे. मात्र ती सांगणारा माणूस ऐकणाऱ्याच्या ओळखीचा असे, आणि ऐकणारा त्याला उलट प्रश्न विचारू शकत असे. सरकारी पत्रकाला असा प्रश्न विचारता येत नव्हता.

त्या उन्हाळ्यात लोकांपुढे कोणते पुरावे होते ते कालक्रमाने पाहिले की त्यांच्या निष्कर्षामागचा तर्क दिसतो. डिसेंबर १९४१ मध्ये पेनांग बेट सोडताना ब्रिटिश अधिकाऱ्यांनी युरोपियनांना गुपचूप हलवले आणि आशियाई रहिवाशांना मागे ठेवले. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडले. जो तळ अजिंक्य म्हणून सांगितला जात होता, तिथे हजारो हिंदी सैनिक जपान्यांच्या हाती सापडले. ८ मार्चला रंगून गेले. मार्चअखेरीस अंदमान गेले. ६ एप्रिलला विशाखापट्टण आणि काकिनाड्यावर बाँब पडले. ब्रह्मदेशातून लाखो हिंदी लोक डोंगर-जंगलांतून चालत आले, वाटेत हजारो मेले, आणि जे पोचले त्यांनी गोऱ्यांसाठी सोयीच्या वाटा आणि काळ्यांसाठी मरणाच्या वाटा अशा हकीकती सांगितल्या. याच सुमारास बंगालच्या किनाऱ्यावर, जपानी आलेच तर त्यांच्या हाती पडू नयेत म्हणून, सरकारने हजारो होड्या काढून घेतल्या किंवा निकामी केल्या. होडी गेल्यावर कोळ्याच्या घरात काय उरते हे नवापूर, मुरबे किंवा सातपाटीला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. गांधींनी त्या वर्षी या धोरणावर कडक टीका केली. या सगळ्या घटना एकत्र ठेवून माणूस कोणत्या निष्कर्षाला येईल? हे राज्य आपले रक्षण करू शकत नाही, निघून जाताना आपल्याला मागे टाकून जाईल आणि जाण्याआधी आपली साधने मोडून जाईल, याच निष्कर्षाला. 'चले जाव' या दोन शब्दांच्या मागे हे लष्करी मूल्यमापन आहे. जे राज्य जाणारच आहे, त्याने वेळीच जावे आणि संरक्षणाची जबाबदारी लोकांच्या हाती द्यावी, असा तो विचार होता. गोवालिया टँकवर ८ ऑगस्टला ठराव मंजूर झाला आणि सहा दिवसांनी पालघरचा गोळीबार.

रणांगणावरून नजर घराकडे वळवली की माणसाला अधिक पक्का पुरावा सापडे, आणि पुराव्याच्या या भागाकडे इतिहासलेखनाने फार दुर्लक्ष केले आहे असे मला वाटते. १९४० साली सरकारने एक रुपयाची नोट पुन्हा चालू केली आणि त्याच वर्षी रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. नाणी साठवून ठेवणे हा गुन्हा ठरला. १९४३ मध्ये आला तो भोकाचा पैसा. धातू वाचावा म्हणून मधोमध भोक पाडलेला. कोणताही दुकानदार, कोणतीही मासळी विकणारी बाई हातातले नाणे ओळखते. ज्या सरकारला एका पैशातला धातू वाचवावा लागतो त्याची स्थिती कशी आहे, याचा अंदाज तिला वर्तमानपत्राशिवाय येत होता. त्यामागची यंत्रणा अशी होती. युद्धाच्या सुरुवातीला ब्रिटन आणि हिंदुस्थान सरकार यांच्यात खर्चवाटपाचा करार झाला. त्यानुसार देशाबाहेरच्या लढाईसाठी हिंदुस्थानातून जाणारे कापड, धान्य, लाकूड, लोखंड यांची किंमत ब्रिटन देणार होते. पण ती रोख किंवा मालाच्या रूपाने येत नव्हती, लंडनमध्ये पौंडांच्या खात्यावर जमा दाखवली जात होती. इकडे मात्र माल आजच उचलायचा आणि विक्रेत्याला आजच रुपये द्यायचे. म्हणून लंडनच्या त्या जमेच्या आधारावर रिझर्व्ह बँक नोटा छापत होती. १९३९ मध्ये सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा चलनात होत्या. १९४५ पर्यंत त्या सहा पटींच्या पुढे गेल्या. माल कमी आणि कागद जास्त, मग भाव चढणारच. किनाऱ्यावरच्या माणसाला सुक्या बोंबलाला पूर्वीपेक्षा जास्त रुपये मिळू लागले, पण त्या रुपयांनी तांदूळ, रॉकेल आणि लुगडे घ्यायला गेला तर ते पूर्वीपेक्षा कमी मिळत होते, कधी मिळतच नव्हते. 'कंट्रोल', 'रेशन', 'काळाबाजार' हे शब्द तेव्हापासून मराठी घराघरांत शिरले. मुंबईत मे १९४३ मध्ये धान्याचे रेशनिंग सुरू झाले. त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने लाखोंचा बळी घेतला. मृतांचा अंदाज तीस लाखांपर्यंत जातो.

हा पुरावा केवळ बाजारातल्या कुजबुजीचा नव्हता. १९४३ मध्येच पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ आणि नी. वि. सोवनी यांनी युद्धकालीन आर्थिक धोरणावर पुस्तक प्रसिद्ध केले आणि मुंबईच्या चं. न. वकिलांनी घसरणाऱ्या रुपयावर. सरकार ज्याला तात्पुरती टंचाई म्हणत होते त्याला या अभ्यासकांनी चलनवाढ म्हटले आणि तिचे मूळ युद्धखर्चाच्या पद्धतीत दाखवले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर म्हणून चिंतामणराव देशमुख यांनी सूत्रे घेतली. म्हणजे एक कुलाबा जिल्ह्यातला मराठी माणूस त्या चलनयंत्रणेच्या प्रमुखपदी आणि दुसरे मराठी विद्वान तिचे टीकाकार, असे चित्र होते. लष्करी आघाडीवर टीका करायला बंदी होती म्हणून युद्धाच्या प्रगतीची चर्चा अर्थशास्त्राच्या भाषेत झाली. गाडगिळांचे पृष्ठ आणि मासळीबाजारातली तक्रार यांत पद्धतीचा फरक आहे, निष्कर्षाचा नाही. लोकांना युद्धाचे काय कळते असे म्हणणाऱ्याने ही दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला असा की लोक अफवांवर विश्वास ठेवत होते आणि अफवा खोट्या होत्या. पुष्कळ खोट्या होत्या, यात शंका नाही. परंतु अफवेवर विश्वास ठेवणे हा अडाण्यांचा दोष म्हणायचा तर मद्रास सरकारचे काय करायचे? एप्रिल १९४२ मध्ये जपानी आरमार येत असल्याच्या चुकीच्या खबरीवरून त्या सरकारने आपली कार्यालये शहराबाहेर हलवली आणि लोकांना शहर सोडायला सांगितले. सगळे गुप्त अहवाल हाताशी असलेले सरकार चुकले, तर केवळ ऐकीव माहितीवर चालणारा माणूस चुकला यात नवल काय? उलट, खरे बोलण्याची संधी आली तेव्हा सरकारने काय केले याचे सर्वांत ठळक उदाहरण मुंबईचेच आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज फुटले. त्यात सुमारे चौदाशे टन स्फोटके होती आणि कापसाच्या गासड्याही. शेकडो माणसे मेली, अग्निशमन दलाचे ६६ जवान कामावर असताना गेले, गोदीलगतच्या वस्त्या जळाल्या, हजारो बेघर झाले. अर्ध्या मुंबईने आवाज ऐकला आणि धूर पाहिला. तरीही या घटनेचा सविस्तर वृत्तांत जगाला प्रथम दिला तो दुसऱ्या दिवशी जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने. आपल्या वार्ताहरांना तो पाठवण्याची परवानगी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाली. डोळ्यांसमोर घडलेली गोष्ट स्वतःचे सरकार लपवते आणि शत्रूचा रेडिओ सांगतो, हा अनुभव ज्या शहराने घेतला त्याने दुसऱ्या दिवशी इंफाळ-कोहिमाच्या बातमीवर कसा विश्वास ठेवावा? आणि इथेच माझ्या मुद्द्याचा गाभा आहे. इंफाळ-कोहिमाची बातमी खरी होती. त्या उन्हाळ्यात जपानी सैन्याचा तिथे खरोखर पराभव झाला. सरकार अखेर खरे बोलत होते, तेव्हा ते ऐकून घेणारे फारसे कोणी उरले नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लढाई चालू असताना सगळे उघड करता येत नाही. जहाज कुठे आहे, पलटण कुठे चालली आहे, हे सांगितले तर माणसे मरतात. हे मान्य केलेच पाहिजे. परंतु हालचाली गुप्त ठेवणे वेगळे आणि अपयश झाकणे वेगळे. पहिल्या महायुद्धाने हा फरक मराठी माणसाला शिकवला होता. मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ ला सैन्य शरण आले आणि कैदेच्या वाटचालीत असंख्य माणसे मेली. वेढा फोडण्यासाठी गेलेल्या फौजेतल्या जखमींचे हाल त्याहून संतापजनक होते. बोटी कमी, औषधे कमी, डॉक्टर कमी, जखमी माणसे उघड्या पडावांवर दिवसेंदिवस पडून. ही माणसे अखेर मुंबईच्या बंदरात उतरत होती, त्यामुळे मुंबईत या गोष्टी बोलल्या जात होत्या. सरकारी पत्रके सारे समाधानकारक असल्याचे सांगत होती. पुढे १९१७ मध्ये खुद्द ब्रिटिश पार्लमेंटने नेमलेल्या मेसोपोटेमिया कमिशनने वैद्यकीय व्यवस्था कोलमडल्याचे लिहून दिले आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना पायउतार व्हावे लागले. म्हणजे बंदरावरची कुजबुज खरी निघाली. त्या वेळी कोणत्या लष्करी गुपिताचे रक्षण झाले होते? कोणत्याच नाही, काही अधिकाऱ्यांच्या अब्रूचे झाले, तेही वर्षभरापुरतेच. त्यानंतर १० जून १९१८ ला मुंबईच्या टाउन हॉलमधल्या युद्धपरिषदेत लोकमान्य टिळक सैन्यभरतीला स्वराज्याशी जोडून बोलू लागले, तेव्हा गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना थांबवले आणि टिळक सभा सोडून गेले. टिळकांचा भरतीला सरसकट विरोध नव्हता. माणसे मागणाऱ्याने त्या माणसांना हक्क द्यावेत, एवढे त्यांचे म्हणणे होते. १९३९ साली लिनलिथगोंनी जे केले ते या प्रसंगानंतर एकवीस वर्षांनी केले. त्यांच्या दप्तरात हा अनुभव नोंदलेला होता.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो, कारण तो सरकारी माणसांनी घेतलेला नाही. तो आपल्यातल्याच थोर माणसांनी घेतला. डॉ. आंबेडकरांचे मत होते की नाझींचा विजय ही सर्व दलित-पीडितांसाठी आपत्ती ठरेल. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. पहिल्या महायुद्धानंतर मोडलेली महार पलटण ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला पुन्हा उभी राहिली, तिच्यामागे त्यांचे प्रयत्न होते. मानवेंद्रनाथ रॉय आणि त्यांच्याबरोबरचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी फॅसिझमविरोधी लढाई म्हणून युद्धाला पाठिंबा दिला. सावरकरांनी हिंदूंनी सैन्यात शिरून शस्त्रविद्या शिकावी असा प्रचार केला. कम्युनिस्टांनी आधी युद्धाला साम्राज्यवादी म्हटले आणि त्यासाठी तुरुंग भोगला; ठाणे जिल्ह्याशी पुढे ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते शामराव आणि गोदावरी परुळेकर १९४० पासून याच कारणाने स्थानबद्ध होते. हिटलरने जून १९४१ मध्ये रशियावर हल्ला केल्यानंतर पक्षाने भूमिका बदलली, हेच युद्ध 'लोकयुद्ध' झाले आणि त्याच नावाने मराठी साप्ताहिक निघू लागले. अण्णा भाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडवर पोवाडा रचला. गिरणगावात व्होल्गाकाठच्या लढाईची बातमी शाहिराच्या तोंडून पोचली. या सगळ्यांना इंग्रजांचे हस्तक म्हणून झटकून टाकण्याची आपल्याकडे सवय आहे. ती अन्यायाची आहे. जर्मनी आणि जपान जिंकले असते तर काय झाले असते याविषयी त्यांचा अंदाज काँग्रेसच्या बऱ्याच कार्यकर्त्यांपेक्षा अचूक होता. अंदमानात जपान्यांनी हिंदी रहिवाशांचे काय हाल केले ते युद्धानंतर उघड झाले, आणि १९४२ मध्ये जपान येऊन सोडवील अशी आशा धरणारे त्याबाबतीत पूर्ण चुकले होते.

तरीसुद्धा या आक्षेपाने मूळ मुद्दा खोडला जात नाही. लढाईचा हेतू न्याय्य होता असे मानले, तरी ती चालवणाऱ्यांनी हिशेब द्यायला नको असे त्यातून निघत नाही. उलट हेतू जितका मोठा, तितकी लोकांना सामील करून घेण्याची गरज मोठी. आंबेडकर, रॉय आणि कम्युनिस्ट यांच्याजवळ लोकांना पटवण्यासारखा युक्तिवाद होता. तो खुल्या सभेत, विरुद्ध बाजूच्या वक्त्यासमोर मांडता आला असता तर अनेकांना पटलाही असता. पण विरुद्ध बाजूचा वक्ता तुरुंगात होता. त्यामुळे युद्धाच्या बाजूने बोलणारा प्रामाणिक माणूसही सरकारचा भाट वाटू लागला. सेन्सॉरने युद्धविरोधकांची जितकी हानी केली तितकीच युद्धसमर्थकांच्या विश्वासार्हतेची केली, हे त्या समर्थकांनीही पुरेसे ओळखले नाही, असे मला खेदाने म्हणावेसे वाटते.

राहिला भरतीचा आक्षेप. युद्ध इतके अप्रिय होते तर पंचवीस लाख हिंदी माणसे सक्तीशिवाय सैन्यात कशी गेली? त्यांपैकी सुमारे ८७ हजार परत आली नाहीत. ही संख्या कोणीही हलक्याने घेऊ नये. माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत टायबरच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनच्या मोर्चावर चालून गेले आणि तिथे मारले गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शिपाई नामदेव जाधवांना तोच सन्मान एप्रिल १९४५ मध्ये सेनियो नदीवरच्या शौर्याबद्दल मिळाला. त्याच काळात सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले सिंगापूरला शरण आलेल्या फौजेतून आझाद हिंद सेनेत जाऊन तिचे वरिष्ठ सेनाधिकारी झाले. कोकणच्या एकाच पट्ट्यातली माणसे या लढाईच्या दोन्ही बाजूंना उभी होती. भरतीला गेलेल्यांच्या शौर्यावर प्रश्न उभा करण्याचे कारण नाही. पण पगार, पोटाची निकड, घराण्यातली लष्करी परंपरा आणि जातीला मिळणारी प्रतिष्ठा या कारणांनी पत्करलेली नोकरी म्हणजे सरकारच्या युद्धधोरणाला दिलेले मत नव्हे. मत मागितलेच नव्हते. ज्या घरातला मुलगा इटलीत होता त्या घरात युद्धाची चर्चा थांबली नव्हती. तिथे ती अधिक काळजीने होत होती, कारण खरी बातमी हवी असण्याचे सर्वांत मोठे कारण त्यांच्याजवळ होते.

या किनाऱ्यामागच्या डोंगरपट्टीत आणखी एक समाज होता आणि त्याचे मोजमाप निराळे होते. डहाणू-उंबरगावच्या वारल्यांना वेठबिगार आणि लग्नगडीची, म्हणजे लग्नाच्या कर्जापोटीची, गुलामी पिढ्यान्‌पिढ्या भोगावी लागत होती. मुंबईला गवत आणि लाकूड याच भागातून जात होते आणि युद्धाच्या काळात सावकार-जमीनदारांची मिळकत चढली, मजुराची मजुरी मात्र त्या मानाने चढली नाही. सुटून आलेले परुळेकर दांपत्य किसान सभेच्या कामासाठी इथे आले आणि मे १९४५ मध्ये झरीला वारल्यांची परिषद भरली. जपानच्या शरणागतीनंतर दोन महिन्यांनी, ऑक्टोबर १९४५ मध्ये, तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण ठार झाले. गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकामुळे हा उठाव मराठी वाचकांना ठाऊक आहे, पण तो युद्धकाळाच्या संदर्भात क्वचितच वाचला जातो. पालघरचे पाच आणि तलवाड्याचे पाच यांच्यामध्ये तीन वर्षे आणि काही मैलांचे अंतर आहे, दोन्हीकडे सत्ता तीच आहे आणि लोकांनी विचारलेला प्रश्नही एकच आहे, की आमच्या जिवावर चाललेल्या कारभारात आमचे म्हणणे कुठे आहे.

म्हणून हा विषय अभ्यासताना सुरुवात १४ ऑगस्ट १९४२ पासून करू नये, ३ सप्टेंबर १९३९ पासून करावी आणि तलवाड्यापर्यंत यावे. तोवरचा प्रत्येक कागद, मग तो पोलिसांचा पंधरवड्याचा अहवाल असो, केसरीतला अग्रलेख असो, लोकयुद्धाचा अंक असो की कंट्रोलच्या दुकानाची भाव-नोंद असो, त्याच्या तारखेसह वाचावा आणि त्या तारखेला त्या माणसाला काय कळू शकत होते ते आधी ठरवावे. १९४५ चा निकाल हाती घेऊन १९४२ च्या माणसाला मूर्ख किंवा द्रष्टा ठरवणे सोपे आहे. पागधरे, ठाकूर, चुरी, मोरे आणि तिवारी यांच्या हाती तो निकाल नव्हता. त्यांच्या हाती होते सिंगापूर, रंगून, बंगालच्या होड्या आणि निम्म्या चांदीचा रुपया.